विचारणाऱ्याचे शब्द, सांगणाऱ्याचे वाक्य

'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' हे वाक्य मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी तांबड्या शाईने कापलेले असते. बरोबर वाक्य आहे 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. चूक दोन शब्दांच्या जागेची, पण मोठी चिवट. पदवी घेतलेल्या, नोकरीत मुरलेल्या माणसाच्या पत्रातही ती सापडते. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते : 'आपली मुले मराठीत विचार करतात आणि इंग्रजीत लिहितात.' हे उत्तर इतक्या सहज दिले जाते की ते कुणी तपासून पाहत नाही. ते तपासावे, आणि त्या निमित्ताने मराठी भाषा प्रश्नाच्या आत प्रश्न कसा ठेवते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी ते उत्तरच घेऊ. 'तो कुठे आहे ते मला माहीत नाही' या वाक्यात 'तो' आधी येतो आणि 'आहे' नंतर. मुलाने मराठीचा क्रम इंग्रजीत नेला असता तर 'ही' आधी आणि 'इज' नंतर आले असते, म्हणजे निदान या दोन शब्दांपुरते ते मूल बरोबरच ठरले असते. चुकीच्या वाक्यातला 'इज ही' हा क्रम मराठीत कुठेच नाही. तो शंभर टक्के इंग्रजी आहे, शाळेतच शिकवलेला आहे. तेव्हा या चुकीचा दोष मराठीच्या शब्दक्रमावर टाकता येत नाही. तरीही या चुकीत मराठीचा काही हात आहे असे मला वाटते. तो कुठे आहे, हे शोधायला थोडे मागे जावे लागेल.

१. दोन भाषांच्या दोन रीती

इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर वाक्याची मोडतोड करावी लागते. 'ही इज इन रोहा' या विधानाचा प्रश्न करताना 'इज' उडी मारून 'ही'च्या पुढे जाते. पुढे जायला सोयीचे क्रियापद नसले तर 'डू' किंवा 'डज' उसने आणावे लागते. इंग्रजीतही हे 'डू' फार जुने नाही. सोळाव्या शतकाच्या आसपास ते प्रश्नांत रुळत गेले. तर अशी ही उडी मराठी मूल दोन-तीन वर्षे घोकून शिकते. 'व्हेअर इज ही?', 'व्हेअर डज ही लिव्ह?' हे साचे त्याच्या जिभेवर बसतात. मग आठवी-नववीत त्याला सांगितले जाते की हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द. 'डज' निघून जाते, त्याच्यातला 'स' परत क्रियापदाला चिकटतो आणि 'व्हेअर ही लिव्ह्ज' असे होते. होय-नाही स्वरूपाचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' आणावे लागते. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर आतला काळ मागे सरकतो, 'आय'चे 'ही' होते, 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' होते. 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' या प्रकरणातली ही नियमावली अनेकांना अजून तोंडपाठ असेल.

मराठीत यातले काहीच नाही. 'तो कुठे राहतो?' हा सुटा प्रश्न. 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' हा पोटातला प्रश्न. आतले तीन शब्द जसेच्या तसे. त्यांच्या शेवटी एक 'ते' येऊन बसला, इतकेच. 'गाडी आली का?' हा प्रश्न 'गाडी आली का ते बघ' यात अख्खा आहे. 'इफ'सारखा नवा शब्द लागत नाही, कारण प्रश्नाचा 'का' आत आला तरी प्रश्नाचाच राहतो. दिवा–रोहा गाडीत पेणहून बसावे आणि रोह्यापर्यंत नुसते कान उघडे ठेवावेत. कासू, नागोठणे जाईपर्यंत अशी दहा वाक्ये सहज ऐकू येतात : 'कुणी उतरतंय का विचार जरा', 'कितीला पोचते कुणास ठाऊक', 'दादा आले की नाही काय कळत नाही'. प्रत्येकात एक सबंध प्रश्न आहे आणि तो काढून वेगळा ठेवला तरी धडधाकट उभा राहतो.

आता मुलाच्या चुकीकडे परत पाहू. त्याने इंग्रजी प्रश्न नीट शिकला : 'व्हेअर इज ही'. मग तो प्रश्न दुसऱ्या वाक्यात ठेवताना, मराठीत जसा ठेवतात तसा अख्खा ठेवला. क्रम इंग्रजीचा आहे. प्रश्न न मोडता आत ठेवण्याची सवय मराठीची आहे. प्रश्न हा कुणाचा तरी बोल आहे, त्याला हात लावायचा नाही, ही ती सवय. विशेष म्हणजे ही सवय आपल्यापुरती नाही. आयर्लंडमधल्या इंग्रजीत 'ही आस्क्ड मी वॉज आय कमिंग' अशी वाक्ये सर्रास बोलली जातात. त्यांच्या मूळच्या आयरिश भाषेत प्रश्नाचा शब्द पोटवाक्यातही तसाच राहतो, आणि अभ्यासक या रचनेचे मूळ तिथे शोधतात. डब्लिनच्या माणसाला मराठीत विचार करण्याचा आरोप सहन करावा लागत नाही, एवढाच फरक!

२. व्याकरणाच्या यादीत नसलेले दोन शब्द

मराठी प्रश्न अख्खा आत ठेवते हे खरे, पण तो आत आहे हे कळायला काहीतरी खूण लागतेच. शालेय व्याकरणात या कामाच्या शब्दांना स्वरूपदर्शक उभयान्वयी अव्यये म्हणतात आणि त्यांची यादी अशी देतात : म्हणून, म्हणजे, की, जे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आले. तेव्हापासून आपल्या व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली. इंग्रजीत हे काम वाक्याच्या सुरुवातीला येणारे अव्यय करते. म्हणून आपणही मराठीत अव्ययेच शोधली. वर गाडीतली जी वाक्ये दिली त्यांत यादीतले एकही अव्यय तिचे काम करताना दिसत नाही. प्रत्यक्षात सर्वांत जास्त राबणारे दोन शब्द, 'ते' आणि 'असे', या यादीत नाहीतच. ते सर्वनाम आणि विशेषण म्हणून दुसऱ्या प्रकरणांत बसले आहेत.

'ते'चे काम पाहण्यासारखे आहे. 'त्याने जे पाहिले ते मी विसरलो' आणि 'त्याने काय पाहिले ते मी विसरलो' या दोन वाक्यांत केवळ एका शब्दाचा फरक आहे. पहिल्यात पाहिलेली वस्तूच विस्मरणात गेली. दुसऱ्यात 'त्याने काय पाहिले?' या प्रश्नाचे उत्तर विस्मरणात गेले. इंग्रजीत दोन्हींसाठी 'व्हॉट' हा एकच शब्द आहे आणि कुठला अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीने 'जे–ते' आणि 'काय–ते' अशा दोन स्वच्छ जोड्या ठेवल्या आहेत. अप्रत्यक्ष प्रश्न ओळखायची याहून सोपी कसोटी कुठली असेल? आत 'क'चा शब्द असेल तर प्रश्न, 'ज'चा असेल तर वस्तू. ही कसोटी मराठी व्याकरणाच्या तासाला शिकवली, तर त्याच मुलाला इंग्रजीच्या तासाला काय वेगळे करायचे आहे ते निम्मे तरी कळेल.

'असे' आणि 'म्हणून' यांची जात एक. 'कुठे निघालास, असे त्याने विचारले' हे लिहिण्यातले; 'कुठं निघालास म्हणून विचारलं' हे बोलण्यातले. 'म्हणून' हे 'म्हणणे' या क्रियापदाचेच रूप. म्हणजे बोल संपला आणि 'असे म्हणून' त्यावर झाकण बसले. संस्कृतातले 'इति' नेमके हेच करते. शेजारच्या कन्नडमधले 'अंत' आणि तेलुगूतले 'अनि' हेही याच घरातले. दख्खनच्या भाषांची ही सामाईक रीत आहे : आधी बोल, मग तो कुणाचा याची खूण.

'की'ची तऱ्हा वेगळी. 'त्याने विचारले की तू कुठे निघालास?' इथे सांगणारा पुढे उभा राहतो आणि विचारणारा मागे. या 'की'चे नाते फारसीतल्या 'कि'शी जोडले जाते. मराठीत तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. लांब मजकूर आत घालायचा असेल तेव्हा 'की' सोयीचाही आहे. पण गेल्या काही दशकांत वर्तमानपत्री आणि अनुवादाच्या मराठीत 'की'चे प्रमाण वाढलेले दिसते, आणि त्याचे कारण इंग्रजी 'दॅट' आणि 'व्हेदर' यांची जागा वाक्याच्या त्याच ठिकाणी आहे, असे मला वाटते. याने व्याकरण बिघडत नाही, वाचण्याचा अनुभव बदलतो. 'म्हणून'च्या वाक्यात वाचकाच्या कानी प्रश्न आधी पडतो, थेट, जणू त्यालाच विचारल्यासारखा; विचारले कुणी हे मागून कळते. 'की'च्या वाक्यात 'अमुक माणसाने अमुक केले' ही बातमी आधी येते आणि प्रश्न त्या बातमीचा तपशील होतो. कादंबरीचा अनुवाद वाचताना संवाद लांबून ऐकू येताहेत असे वाटते तेव्हा अनेकदा दोष शब्दांचा नसतो, या जागेचा असतो.

३. 'मी' कुणाचा?

अख्खा प्रश्न आत ठेवण्याची किंमतही मोजावी लागते, ती लपवून चालणार नाही. 'मास्तरांनी विचारलं मी कधी येऊ' या वाक्यात येणार कोण? मास्तर की सांगणारा? दोन्ही अर्थ होतात. इंग्रजीत 'आय'चे 'ही' करण्याचा जो जाच आहे तो हा गोंधळ टाळतो. सांगणारा माणूस सगळी सर्वनामे आपल्या जागेवरून मोजतो, काळही आपल्या जागेवरून मोजतो. वाक्याला एकच मालक, आणि तो सांगणारा. मराठीत एका वाक्याला दोन मालक असू शकतात. मग आतला 'मी' आतल्या माणसाचा आणि बाहेरचा 'मी' बाहेरच्याचा, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे.

ही दुहेरी मालकी साहित्यात काय घडवते ते पाहायला पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली दोन नावे उपयोगी पडतात. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा भावे जन्मले. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. त्यांचे बालपण रोह्यात गेले. विनोबांनी गीता मराठीत आणली. त्यांची 'गीताई' १९३२ साली प्रसिद्ध झाली. देशमुखांनी 'मेघदूत' मराठीत आणले. एक भूदानाचा आचार्य, दुसरा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. पण दोघांनीही मराठीत आणायला निवडलेल्या संस्कृत ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही सबंधच्या सबंध दुसऱ्याच्या तोंडचे सांगणे आहेत.

गीता हा संजयाने धृतराष्ट्राला सांगितलेला वृत्तान्त आहे, हे आपण वाचता वाचता विसरतो. विसरतो याचे कारण संजय कुठेही अर्जुनाचा प्रश्न आपल्या शब्दांत 'सांगत' नाही. अर्जुन म्हणाला, एवढी खूण करून तो बाजूला होतो. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो हा दुसऱ्या अध्यायातला प्रश्न अर्जुनाच्याच तोंडून येतो. इंग्रजी शाळेच्या नियमाने संजयाला 'स्थितप्रज्ञ कसा बोलतो याबाबत अर्जुनाने पृच्छा केली' असे म्हणावे लागले असते. ज्या श्लोकांवर विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात व्याख्याने दिली, त्यांचा उगमच मग एका वार्तेत विरून गेला असता.

गीतेत पोटातले प्रश्नही आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात, आपल्या दृष्टीने कोणते अधिक चांगले, आपण जिंकावे की त्यांनी, हे आम्हाला कळत नाही, असे अर्जुन म्हणतो. तिथे 'हे' या अर्थाचे सर्वनाम आहे आणि प्रश्न अख्खा आहे. चौथ्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात, कर्म कोणते आणि अकर्म कोणते याविषयी ज्ञानी माणसेही गोंधळतात, असे भगवंत सांगतात. तिथे प्रश्न अख्खा असून त्याच्यामागे 'इति' आहे. म्हणजे मराठीच्या दोन्ही खुणा, 'ते' आणि 'असे', यांची जुनी भावंडे इथे शेजारी शेजारी भेटतात. श्लोकामागे श्लोक ठेवून मराठी करणाऱ्याला वृत्ताची अडचण सोसावी लागते, पण प्रश्न मोडून पुन्हा बांधावे लागत नाहीत. मराठीला ही वाट आधीपासून पायाखालची आहे.

'मेघदूता'त याहून गुंतागुंत आहे. यक्ष मेघाला सांगतो आणि मेघाने यक्षपत्नीला सांगायचे आहे. उत्तरमेघात यक्ष कल्पना करतो की तू पोचशील तेव्हा ती कदाचित पिंजऱ्यातल्या मैनेला विचारत असेल : तुला धन्याची आठवण येते का, तू तर त्याची लाडकी होतीस. कालिदासाने हा प्रश्न 'विचारणारी' या शब्दानंतर पूर्ण ठेवला आहे, मैनेला 'तू' म्हणणाऱ्या संबोधनासह, आणि शेवटी 'इति' लावले आहे. यक्ष रामगिरीवर आहे, मेघ आकाशात आहे, पण त्या क्षणी आवाज अलकेतल्या त्या एकट्या बाईचा आहे. 'मैनेला धन्याची आठवण येते का हे ती विचारत असेल' असे केले तर माहिती तेवढीच राहते आणि बाई निघून जाते.

पुढे मेघाने तिला आपली ओळख द्यायची आहे. यक्ष त्याला शब्द पढवतो : मी तुझ्या नवऱ्याचा मित्र आहे असे समज. हा 'मी' मेघाचा, उच्चारतोय यक्ष. नंतर निरोप सुरू होतो आणि त्यातला 'मी' यक्षाचा, उच्चारणार मेघ. शेवटी खुणेची गोष्ट येते. एकदा तू झोपेतून रडत उठलीस, मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर हसू दाबत म्हणालीस की लबाडा, स्वप्नात तुला मी दुसऱ्या कुणाशी रमताना पाहिले. इथला 'मी' पत्नीचा, तो यक्षाच्या आठवणीत, ती मेघाच्या तोंडी, आणि ऐकणारी पुन्हा तीच. तीन माणसांचे तीन 'मी', आणि वाचकाचा कुठे गोंधळ होत नाही. नीट बांधलेल्या मजकुरात दोन मालकांचे वाक्य अडचणीचे ठरत नाही, हे याहून चांगले कुठे दिसणार? कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके अशा अनेकांना 'मेघदूत' मराठीत आणावेसे वाटले, त्यामागे मराठी या बाबतीत त्याला सहज सामावून घेते हेही एक कारण असावे.

४. 'किंवा कसे'

देशमुख १९५० ते १९५६ केंद्रात अर्थमंत्री होते. त्या काळात त्यांच्यापुढे रोज अप्रत्यक्ष प्रश्नांची रास पडत असणार, कारण संसदेतला लेखी प्रश्न इंग्रजीत विचारलाच जातो अप्रत्यक्ष : अर्थमंत्री सांगण्याची कृपा करतील काय, 'व्हेदर इट इज अ फॅक्ट दॅट' अमुक अमुक. तोच साचा भाषांतरित होऊन आपल्या विधिमंडळात आला : 'सन्माननीय मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय.' पण पुढे गंमत आहे. खालच्या कलमांत 'हे खरे आहे काय', 'असल्यास, कोणती कार्यवाही केली', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असे सरळ प्रश्नच येतात. कवच इंग्रजीचे, आत प्रश्न मराठी, न मोडलेले. उत्तरात 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापून आले तरी विचारलेला प्रश्न शेजारीच छापलेला असतो. वाचणारा ताडून पाहू शकतो.

कचेरीच्या रोजच्या मराठीत मात्र हे राहिले नाही. तिथे 'व्हेदर'साठी एक खास शब्दप्रयोग घडला : 'किंवा कसे'. 'सदर जमीन कुळकायद्याखाली येते किंवा कसे, याबाबत अहवाल सादर करावा.' घरात कुणी असे बोलत नाही. घरात 'येते की नाही ते सांगा' असे म्हणतात. 'की नाही'ला उत्तर हो किंवा नाही असेच द्यावे लागते. 'किंवा कसे' तिसरे दार उघडे ठेवते. त्यातला 'कसे' प्रश्नाचा शब्द असून काही विचारत नाही. शिवाय विचारणारा कोण हे वाक्यात उरत नाही. 'याबाबत' म्हटले की प्रश्नाची बाब होते, आणि बाबीला उत्तर द्यायचे नसते, तिच्यावर कार्यवाही करायची असते.

याची पुढची पायरी म्हणजे प्रश्न नाहीसा होऊन नाम होणे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला. अर्जाच्या नमुन्यात विषय, कालावधी आणि हव्या असलेल्या माहितीचे वर्णन लिहायचे असते. प्रश्नाला तिथे रकाना नाही. महाराष्ट्राने २०१२ साली नियमांत बदल करून अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, 'का' या प्रश्नाचे उत्तर हे कायद्याच्या अर्थाने 'माहिती' नव्हे, असे म्हटले. कायद्याच्या चौकटीत त्याला तर्क आहे : जे कागदावर आहे ते मागा, जे कागदावर नाही त्याचे समर्थन मागू नका. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे द्यावीत, असेही त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते. पण परिणाम असा की 'आमच्या गावचा बांध का दुरुस्त झाला नाही?' असे विचारणाऱ्याला 'बांध दुरुस्तीच्या प्रस्तावावरील टिप्पणीची प्रत' असे लिहायला शिकावे लागते. पेणला असे अर्ज लिहून देताना मी लोकांना हेच सांगतो, आणि दर वेळी प्रश्नाचे नाम होताना त्यातला माणूस गळतो हेही बघतो. खारबंदिस्ती फुटून शेतात खारे पाणी शिरलेल्या माणसाचा 'का' आणि टिप्पणीची प्रत यांत फार अंतर आहे.

याच्या उलट उदाहरणही याच मातीतले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यायच्या की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. भूसंपादनाच्या कागदांत अशा गोष्टीची एरवीची भाषा 'खातेदार जमीन देण्यास संमत आहेत किंवा कसे' ही. त्या दिवशी मात्र गावोगावी लोकांच्या तोंडी असलेला प्रश्न होता : जमीन द्यायची का नाही? पहिल्या वाक्यात शेतकऱ्याविषयी दोन कचेऱ्या आपसांत बोलतात. दुसऱ्यात शेतकऱ्याला विचारलेले आहे, आणि उत्तर त्यानेच द्यायचे आहे. अप्रत्यक्ष प्रश्नाची रचना हा व्याकरणाच्या पेपरातल्या दोन गुणांचाच विषय आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

५. शिकवायचे काय?

इंग्रजीचा नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. जबाबदारी कुणाची हे वाक्यात स्पष्ट ठेवण्याची ती एक शिस्त आहे. बातमी, अहवाल, न्यायालयाचा निकाल अशा लेखनाला ती उपयोगी आहे, आणि इंग्रजी लिहिणाऱ्याने ती पाळलीच पाहिजे. पण ती शिकवताना मुलाला 'मराठीत विचार करू नकोस' असे सांगणे चूक आहे, कारण त्यातून रोगाचे निदान होत नाही. त्याला असे सांगावे : मराठीत विचारलेला प्रश्न जसाच्या तसा आत बसतो आणि शेवटी 'ते' किंवा 'असे' लागतो. इंग्रजीत आत जाताना प्रश्नाने आपली उडी सोडून द्यायची आणि विधानासारखे सरळ उभे राहायचे. दोन रीती शेजारी ठेवल्या की मूल कुठलीच भाषा न दुखावता दोन्ही शिकते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना ही शेजारी ठेवण्याची पद्धत परकी नव्हती.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी सूचना त्याहून साधी आहे. अनुवाद करताना, अहवाल लिहिताना, कुणाचे गाऱ्हाणे कागदावर उतरवताना, आत येणारा प्रश्न आधी सुटा करून मोठ्याने म्हणून बघावा. तो जसा विचारला गेला तसा ऐकू आला तर वाक्य मराठी आहे. 'पाणी कधी सोडणार म्हणून बाया विचारत होत्या' हे वाक्य आणि 'पाणी सोडण्याबाबत महिलांनी विचारणा केली' हे वाक्य यांतले कुठले लिहायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्या भाषेने आपल्याला दिलेले आहे. दुसरे वाक्य लिहायला बंदी नाही. पण ते लिहिताना त्या बायांचे काय शब्द आपण काढून टाकले, हे लिहिणाऱ्याला माहीत असावे.